किलोसाहेबांची वरची खोली

दारात माणूस आला की लोक त्याचं तोंड बघतात. किलोसाहेब त्याचं वजन बघत. इमारतीचे खांब आणि स्लॅब किती भार पेलतील याचा हिशेब करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि हे टोपणनाव त्यांनी घाम गाळून कमावलं होतं. मेहुणा सहकुटुंब आला, की "तीनशे दहा, बॅगा धरून," असं ते बायकोच्या कानात सांगत. कुणाच्या गच्चीवर जादा पाण्याची टाकी दिसली, तर घरमालकाची धडगत नसे. "मला विचारलं होतंत? राहायच्या घराचं गोदाम करता आणि मग बांधणाऱ्याच्या नावानं बोटं मोडता!"

स्वतःचं दुमजली घर अर्थातच त्यांच्याच हिशेबानं उभं होतं. त्याला तडा जाणं म्हणजे साहेबांचं नाक कापलं जाणं.

त्या घरात खालच्या झोपायच्या खोलीचं दार अडकू लागलं. "लाकूड फुगलंय," साहेबांनी ऐन उन्हाळ्यात निकाल दिला. सुतारानं दार तासलं. चार महिन्यांनी पुन्हा अडकलं, पुन्हा तासलं. बायको म्हणाली, "अहो, वरून काही दाबत नसेल ना?" साहेब असे काही हसले, की बिचारी ओशाळली.

तिसऱ्या खेपेला सुतारानं रंधा खाली ठेवला आणि छतालगत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली. दोन्ही टोकांना दोन बोटं फट होती. मधोमध दोरी छताला चिकटली होती.

"साहेब, दार बिचारं ठीक आहे. छत खाली आलंय."

साहेब तणतणत वर गेले. वरची खोली मुलीची. चार वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी परगावी गेली, तशा साहेबांच्या फायली तिथे शिरल्या. कागद टाकायचा नाही, हा त्यांचा बाणा. आधी टेबल बाहेर गेलं, मग खाट. सुट्टीत आलेली मुलगी सोफ्यावर अंग मुडपून झोपायची, आणि हल्ली ती फारशी येतही नव्हती. आता तिथे तीस वर्षांची आकडेमोड जमिनीपासून छतापर्यंत रचलेली होती.

त्यांनी एक गठ्ठा वजनकाट्यावर ठेवला, बाकीचे मोजले. मग घराची जुनी फाइल काढली. त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘वरची खोली. मुलगी, खाट, कपाट, टेबल. चौरस मीटरला दोनशे किलो.’ आजचं उत्तर आलं आठशे साठ. त्यांनी गुणाकार पुन्हा करून पाहिला. तेवढंच आलं.

पहिला गठ्ठा छातीशी धरून ते खाली उतरले. बायको पलंगावर बसली होती, बरोबर छताच्या मध्याखाली.

"किती निघालं?"

साहेबांनी जन्मात पहिल्यांदा आकडा सांगितला नाही. "पोरीला कळव," ते म्हणाले, "खोली रिकामी होतेय."

"कळवते. पण चार वर्षं मी याच्याखाली झोपतेय, ते कुठल्या हिशेबात धरलं होतंत?"

साहेबांनी गठ्ठा खाली टाकला आणि घाईनं पलंगाचं टोक धरलं. "आधी हा बाहेर काढू."

पलंग दारापर्यंत आला. दार अर्ध्यावरच अडकलं होतं.