एका काडीचा पाईप

लाकूड कातणारा एक कातारी दहा वर्षं लेथवर तंबाखूचे पाईप घडवत होता, आणि या दहा वर्षांत त्याने स्वतः एकही पाईप ओढला नव्हता. हसू नका, खरंच सांगतोय. ओढून पारखायचं काम म्हाताऱ्या मालकांचं. आता त्यांना दम लागायला लागला, डॉक्टरांनी धूर बंद केला, तेव्हा कारखाना कातार्‍याच्या हाती सोपवायचं ठरलं. पण माल घेणारा दुकानदार महाहट्टी. वर्षभर गिऱ्हाईकांची कुरबुर ऐकून तो वैतागला होता. घडवणाऱ्याने समोर बसून एका काडीत, म्हणजे मध्ये विझू न देता, पाईप तळापर्यंत ओढून दाखवला, तरच पुढे माल घेईन, म्हणाला. शनिवारी तो येणार होता.

कातार्‍याची पाचावर धारण बसली. लाकडाच्या भेगेत भुसा आणि सरस ठासायची सवय, तशीच त्याने तंबाखू ठासली. ओढून ओढून गाल आत गेले, धूर काही येईना. दुसऱ्या दिवशी सैल भरली, तर जीभ पोळली, डोकं गरगरलं आणि स्वारी मागच्या पायरीवर घाम पुसत बसली.

"अहो, हे काम आहे की शिक्षा?" बायको म्हणाली.

"कारखाना गेला तर मला दुसरं येतं काय?"

तिने पाण्याचा पेला पुढे केला.

शनिवारी त्याने नव्या डझनातला एक पाईप भरला, तळाशी सैल, वर जरा घट्ट. एका काडीत पाईप पेटला. तो सावकाश ओढत गेला आणि दुकानदाराची मान डोलू लागली. नेमका तेव्हाच तळव्याला चटका बसला. आपण जोरात ओढतोय का? छे, तंबाखू भरायच्या वाटीची भिंतच पातळ होती. नाजूक दिसते म्हणून वर्षभर तो हौसेने तशीच कोरत होता. आता सांगावं की गप्प बसावं?

"हा घेऊ नका, भाजतोय," तो शेवटी म्हणाला. "भिंत मी पातळ ठेवलीय. सगळे असेच आहेत."

दुकानदाराने वाटीला हात लावला, लगेच काढला. उरलेले अकरा पाईप खोक्यात भरून त्याने परत सरकवले. "जाड करून आणा. मग बघू."

शेजारी बसलेले म्हातारे मालक स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

"मलाही बसायचा रे चटका," ते म्हणाले. "वाटलं, वयामुळे माझीच कातडी हळवी झाली. तुला कशाला बोल लावायचा."

कातार्‍याला मान वर करवेना.