पाचव्या नंबरची पाणचक्की

वासनिक सर कुठल्याही जागी पोचले की आधी जागा बघत नसत. खिशातला नकाशा काढून तो उत्तरेकडे फिरवून धरत, फलक असेल तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचत, आणि मगच मान वर करत. तोवर त्यांना घेऊन आलेला माणूस वाऱ्यात कुडकुडत उभा असे. तो माणूस बहुतेक वेळा मीच.

सर नागपूरच्या एका शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. २००६ च्या एप्रिलमध्ये ते सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलीकडे आले. मुलगी नयना डॉक्टर, माझी शेजारीण. शनिवार-रविवारी तिच्या ड्यूट्या असत. "बाबांना जरा गाव दाखवशील?" असं तिने विचारलं तेव्हा मला वाटलं, एवढंसं गाव, एका दुपारचं काम.

दक्षिण इंग्लंडातलं ते लहान खेडं. चर्चच्या दारात पाहुण्यांसाठी एक पत्रक ठेवलेलं असे, त्यात सहा प्रेक्षणीय स्थळं नंबर घालून दिलेली: चर्च, त्याच्या आवारातलं यू नावाचं जुनं सदाहरित झाड, बदकांचं तळं, युद्धस्मारक, ओढ्यावरची पाणचक्की, टेकडीवरचा मनोरा. पहिली चार पहिल्याच शनिवारी झाली. स्मारकावरची सगळी नावं सरांनी वाचली आणि म्हणाले, "एका आडनावाचे तिघे आहेत रे. एकाच घरचे असतील बिचारे." त्या स्मारकावरून मी दोन वर्षं रोज गाडी नेत होतो. एकही नाव वाचलं नव्हतं.

पाचव्या नंबरला घोडं अडलं. चक्कीकडे जाणारी पायवाट एका शेताच्या कडेने जाते, तिथे लोखंडी फाटक, साखळी, कुलूप आणि 'खाजगी' अशी पाटी.

"चला सर, मनोरा बघू," मी म्हटलं.

"पाचवं झाल्याशिवाय सहावं काहून बघायचं? आणि हे बघ, नकाशावर वाट आहे. सार्वजनिक वाट म्हणून आहे."

तेवढ्यात शेताचा मालक कुत्र्याला घेऊन आला. सरांनी टोपी काढून शुद्ध, सावकाश इंग्रजीत विचारलं. तो हसून म्हणाला, इकडून वर्षानुवर्षं कोणी जातच नाही. सर म्हणाले, "कोणी जात नाही आणि कोणाला जाता येत नाही, यात फरक आहे, साहेब." मालकाचं हसू गेलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला, पत्रं सुरू झाली. सर सांगायचे, मी लॅपटॉपवर टाइप करायचो. कौन्सिलचं उत्तर तीन आठवड्यांनी यायचं: आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे. दुसऱ्या पत्राला तेच. तिसऱ्यालाही तेच, फक्त खालची सही निराळी. पोस्ट ऑफिस चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "लहानपणी आम्ही चक्कीपाशी पोहायला जायचो. पण आता कोण भांडत बसणार?" सर बाहेर येऊन म्हणाले, "हिचीच वाट बंद झाली, आणि हीच गप बसून राहिली!"

चौथ्या पत्राच्या वेळी माझा तोल गेला. "सर, हे आपलं गाव नाही. मी वर्क परमिटवर आहे. मला इथे लोकांशी वैर नकोय. एक मोडकी चक्की नाही बघितली तर काय बिघडलं?"

सरांनी नकाशा माझ्यासमोर उलगडला. मग म्हणाले, "आमच्या गावात नदीवर जायला दोन वाटा होत्या. जवळची त्यांची, लांबची आमची. माझी आई डोक्यावर धुणं घेऊन लांबच्या वाटेने जायची. तिथे नकाशा नव्हता दाखवायला. इथे आहे. टाइप कर."

मी टाइप केलं. राग गेला नव्हता. खरं सांगायचं तर तो आता कोणावर काढावा हेच कळत नव्हतं.

ऑक्टोबरात त्यांना हीथ्रोला सोडलं. चक्की बघितली नव्हती, आणि हट्टापायी मनोराही नाही. नयना गाडीत रडकुंडीला येऊन म्हणाली, "सहा महिने एका फाटकात घालवलेत, बाबा. आपण लंडनसुद्धा धड बघितलं नाही." 

पुढच्या वर्षी कौन्सिलची नोटीस निघाली. वाट खुली होणार नव्हती. ती रस्त्याच्या कडेला हलवायची होती, जिथून चक्की दिसतसुद्धा नाही. मी तिरमिरीत नागपूरला फोन लावला. सरांचा आवाज थकलेला होता, नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालं होतं.

"हरकत घ्यायला मुदत किती?"

"चार आठवडे. तुमच्या नावाने लिहितो, सर."

"माझ्या काहून? मी पाहुणा होतो. राहून तू राहिला तिथे."

मी माझ्या नावाने लिहिलं. पत्र घेऊन पोस्टात गेलो तेव्हा बाईंनी ते उलटंसुलटं करून वाचलं, आपलंही नाव खाली घातलं आणि गावातल्या आणखी नऊ जणांच्या सह्या आणून दिल्या. कौन्सिलने मग बैठक ठेवली, पुढे ढकलली, पुन्हा ठेवली. मधल्या थंडीत सर गेले.

शेवटी वाट होती तिथेच ठेवायचं ठरलं, आणि एप्रिलमध्ये कौन्सिलच्या माणसाने साखळी कापली. त्या रविवारी नयना आणि मी फाटक ढकलून आत गेलो. दहा मिनिटांत ओढा आला. चक्कीची अर्धी भिंत उरली होती. चाक नव्हतं, फलक नव्हता, खाजकुयलीसारखी चावरी नेटल मात्र कमरेएवढी वाढली होती.

"बाबा एवढ्यासाठी भांडले?" नयना म्हणाली.

मला आला तो फक्त राग. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं हे खरंच, पण ते त्यांनी स्वतः तिथे उभं राहून म्हणायला हवं होतं.