सोंड्या भुंग्याचा हिवाळा
कुवेतमध्ये मी एका बंगल्याची बाग सांभाळतो. गावी ज्या सोंड्या भुंग्याने आमचे माड पोखरून मारले, तोच इथे खजुरीत शिरला होता. थंडी पडली तसे भुंगे दिसेनासे झाले.

"गारठून मेले असतील," माझा राजापूरचा सोबती म्हणाला. मला आनंद झाला.

जानेवारीत एक खजुरी मोडून पडली. बाहेर आम्ही जॅकेट घालून कुडकुडत होतो. खोडात हात घातला, तर आतला ओला, आंबलेला भुसा चक्क गरम होता आणि त्यात जाड अळ्या निवांत वळवळत होत्या.

"या उबेवरच जगले की रे," सोबती म्हणाला.

एकेक अळी काढून मी बुटाखाली चिरडली. खोड जाळलं, तरी राग गेला नाही. बाकीच्या खजुरी बाहेरून हिरव्यागार होत्या, आणि मला त्यातल्या एकीचाही भरवसा वाटत नव्हता.