चांदमायचा दगड आणि खिल्लारे सर

हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पूर्णेकाठच्या एका गावात खिल्लारे सरांना देवीच्या दगडापुढे नाक घासायला लावलं. सर सातवीला विज्ञान शिकवत. सातवीचा वर्ग समोर उभा होता. आदल्या दिवशी वर्तमानपत्रात एक बातमी आली होती. ती मी लिहिली होती. तिच्यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तिघांनाच ठाऊक होतं — मला, सरांना आणि त्यांच्या पत्नीला. चौथ्या माणसाला मी हे आज सांगतो आहे. तुम्हाला.

आधी दगडाबद्दल सांगतो. टाळतो आहे, कळतंय मला. पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गावाबाहेर नदीच्या दरडीला एक लांबट, तपकिरी दगड होता. त्याला चांदमाय म्हणत. एका पुनवेला तो चंद्रावरून पडला, अशी समजूत होती. बायका त्याला हळद-कुंकू लावत, बाळंतपणानंतर लेकरू पायावर घालत. त्या वर्षी सरांनी वर्गात चांद्रमोहिमेचा धडा घेतला. माणसं चंद्रावर उतरली, तिथले दगड घेऊन आली, त्या दगडांचं वय काढलं, असं सगळं सांगितलं. तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, मंग आपली चांदमायबी तिथलीच हाय का?"

सर वर्गाला घेऊन दरडीवर गेले. कुणालाही हात लावू दिला नाही. स्वतः वाकून पाहिलं, आणि हे बहुधा एखाद्या प्रचंड जनावराचं हाड आहे, गाळात राहून त्याचा दगड झाला आहे, असं म्हणाले. पोरांनी वय विचारलं. पुस्तकात कार्बनची पद्धत होती, तीच लावा म्हणाली. सर म्हणाले, हाडाचा पार दगड झाला असेल तर कार्बन कामाचा नाही. दरडीचा थर तपासावा लागेल, आणि ते आपलं काम नव्हे, जाणकारांचं.

हे मला कुणी सांगितलं? सरांनीच. त्यांनीच मला निरोप धाडला होता, मी त्यांच्या घरी बसलो होतो, दोनदा चहा घेतला होता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं — विद्यापीठातल्या कुणीतरी येऊन हे बघावं, तेवढं छापा. निघताना त्यांच्या पत्नीनं हरभऱ्याचा डहाळा बांधून दिला.

स्टँडवर जीपची वाट पाहत हॉटेलात बसलो. तिथे एक जण दुसऱ्याला म्हणाला, "मास्तर आपल्या देवीला हाड म्हनून राहिला म्हनं."

दुसरा म्हणाला, "कोन, खिल्लारे? मंग तर म्हननारच की!"

दोघं हसले. मी त्या हसण्याचा अर्थ विचारला नाही. मला तो कळत होता. सर बौद्ध होते.

नव्या जिल्ह्याचं पान नवं होतं, आणि रोज भरावं लागे. संध्याकाळी फोनवर उपसंपादक म्हणाला, "भाऊ, जिल्हा तर झाला, पण बातमी काहून तालुक्याचीच येऊन राहिली?" मी म्हणालो, आज आहे. सरांची बातमी आतल्या पानावर दोन इंच गेली असती. हॉटेलातली पहिल्या पानावर जाणार होती. मला ते लगेच दिसलं — लिहायला बसण्याआधीच.

'देवीला हाड म्हणणारा शिक्षक, गावात संताप.' संताप तेव्हा नव्हताच. आडनाव मी शीर्षकाखाली एकदा आणि मजकुरात तीनदा घातलं. एकदा पुरलं असतं. ते काय काम करील हे मला माहीत नव्हतं, असं म्हणू? नाही. माहीत होतं. आणि शेवटी नेहमीचं वाक्य लिहिलं — 'खिल्लारे यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही.' ते लिहिताना मी त्यांच्याच घरचा हरभरा सोलून खात होतो.

बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावात होतो. पुढची बातमी हवी होती ना. माणसांनी सरांना वर्गातून दरडीवर नेलं, पोरं मागोमाग आली. ती मुलगी ओरडत होती, "सर तसं न्हाई बोलले! म्याच इचारलं व्हतं!" कुणीतरी तिला म्हणालं, "गप बस गं, लई शानी झाली." ती एकटी खरं बोलत होती. तिच्याखेरीज तिथे एक मोठा माणूस होता, ज्याला सगळं ठाऊक होतं, ज्याचं गावानं ऐकलं असतं. तो बाभळीखाली उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य मी नंतर किती वेळा म्हणून पाहिलं आहे — एकट्यानं, तोंडातल्या तोंडात! काय उपयोग?

सर उठले. नाकाला माती होती, थोडं कुंकू होतं. त्यांनी मला पाहिलं. मग पोरांना म्हणाले, "चला, वर्गात चला."

मी लिहिलं — 'शिक्षकाची माफी, तणाव निवळला.'

महिन्याभरात त्यांची बदली झाली. जाण्याआधी ते हिंगोलीला आमच्या कार्यालयात आले. भांडायला नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "तुमी तर घरी आले होते ना?"

मी म्हणालो, डेस्कवर बदललं, सर. माझ्या हातात नसतं.

"असं का," ते म्हणाले. "बरं." आणि जाताना माझ्या मुलाची चौकशी केली, कितवीला आहे म्हणून.

त्यांना ते खरं वाटलं का? की मला सोडून दिलं? हे मी कधी विचारलं नाही. विचारता आलं असतं. बदलीचं गाव आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अलीकडे होतं, जीप जात होती, आणि मी त्या रस्त्यानं बातम्यांसाठी वर्षानुवर्षं फिरत होतो.

गेल्या वर्षी सर वारल्याचं कळलं, तेव्हा पहिल्यांदा बदलीच्या त्या शाळेत गेलो. जुन्या मुख्याध्यापकांनी जे सांगितलं ते असं : खिल्लारे रुजू झाले त्या दिवशी त्यांना सातवीचं विज्ञान देऊ केलं होतं. त्यांनी पहिलीचा वर्ग मागून घेतला. निवृत्त होईपर्यंत ते पहिलीवरच होते. पहिलीला विज्ञान नसतं.