जरा वाट द्या

“माझं काय, मी कुटंबी बसते,” असं म्हणत मावशी बाकाच्या अगदी टोकाला टेकायच्या. शेजारी तिघांची जागा मोकळी असली तरी. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. जीपमध्ये अर्धं अंग बाहेर ठेवून बसतात, लग्नात शेवटच्या पंगतीला जेवतात.

कामशेतच्या एका दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. मावशी माझ्या पेशंट, पवनानगरच्या बाजूने यायच्या. घरची भातशेती, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी कॅनडात. आदल्या वर्षी त्यांच्या डाव्या पायात रक्ताची गाठ झाली होती. औषधांनी ती गेली, पण संध्याकाळ झाली की पाय सुजायचा.

एकदा आल्या आणि म्हणाल्या, “ताई, मला इमानात बसाया शिकवा.”

मुलगी गरोदर होती. आधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं, आणि दोन्ही वेळा मावशी इकडे होत्या.

“फोनवर तिचं रडनं आयकलं नुसतं,” त्या म्हणाल्या. “आवंदा मी तितं असनार.”

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटी घालून. पायात घट्ट लांब मोजे, भरपूर पाणी, आणि अधूनमधून उठून चालणं. मावशी सगळ्याला मान डोलावत होत्या. अडल्या त्या पाण्याशी.

“पानी न्हाई पिनार मी.”

“का हो?”

“पेलं की उठाया लागतं. कडंच्या मानसाला किती येळा उठवायचं? त्याला तरास.”

एसटी असो, जीप असो, घराबाहेर पडायच्या आधीच त्या पाणी पिणं सोडत आल्या होत्या. आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

मग मी भिंतीसमोर, विमानातल्यासारख्या, तीन खुर्च्या ओळीने मांडल्या. मावशींना आतल्या खुर्चीत बसवलं आणि कडेच्या खुर्चीत मी डोळे मिटून बसले. “आता मला उठवा.” बराच वेळ काहीच हालचाल नाही. डोळे उघडून पाहते तर मावशी लुगडं सावरून माझ्या गुडघ्यांवरून पाय टाकायच्या बेतात. दोघी पोट धरून हसलो.

“झोपल्याला मानूस कसा उठवायचा वं?”

“खांद्याला हात लावायचा. म्हणायचं, जरा वाट द्या.”

“त्याला मराटी कुटं येती?”

“हात कळतो, मावशी.”

बसल्याजागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलायला त्या लगेच शिकल्या. चिखलातनं पाय काढावा तसंच की हे, म्हणाल्या. पण ‘जरा वाट द्या’ मोठ्याने म्हणायला त्यांना पुष्कळ दिवस लागले.

परत आल्या त्या नातीचा फोटो घेऊनच. पोरगी सुखरूप झाली होती. मग विमानाची हकीकत निघाली. शेजारचा माणूस डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेला. मावशी तशाच बसून राहिल्या. पाय जड झाला, घसा सुकला. शेवटी समोरचं पाणी घटाघटा प्यायल्या आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

“लगीच उठला बिचारा,” त्या म्हणाल्या. “मलाच कसंतरी झालं. येवढं सोपं व्हतं व्हय ते?”

मागे संडासापाशी एक पंजाबी म्हातारी डोळे पुसत उभी होती. तिचेही पाय सुजलेले. “तिचं मला कळंना, माझं तिला. मी हात धरला न् चालाया लावलं. मंग लय फेऱ्या मारल्या आमी दोघींनी. मानसं वाट देत व्हती.”

गेल्या वर्षी मावशी गेल्या. घरीच, झोपेत. कार्य उरकल्यावर मुलगी लेकीला घेऊन मला भेटायला आली. आई कॅनडात पोहोचली तो दिवस ती सांगत होती.

“आई कायम भिंतीला चिकटून, अंग चोरून झोपायची,” ती म्हणाली. “त्या दिवशी जेवली आणि माझ्या पलंगावर जरा आडवी झाली. थोड्या वेळाने पाहिलं तर हातपाय पसरून, अख्खा पलंग अडवून गाढ झोपलेली. आईला असं झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही दोघं नवरा-बायको दारात उभे राहून बघत होतो. उठवलं नाही. सोफ्यावरच झोपलो आम्ही.”