पाणी फिरलंय, असं बाबा कोनहून म्हणाले

असे अनुभव वाचून मी कायम हसत आलोय. तरी हा लिहितोय... कारण यात खोटं मीच बोललो.

आम्ही भिवंडीजवळच्या कोनचे. बाबांचं आयुष्य खाडीत गेलं. होडी काढण्याआधी अर्धं गाव त्यांना पाणी विचारायचं, म्हणजे भरती-ओहोटी कधी फिरणार ते. मी मात्र कापडाचे लूम टाकले.

२००६ च्या हिवाळ्यात मी आणि सुनंदा, माझी बायको, द्वारकेला गेलो. तिथे जवळच ओहोटीला प्रवाळाचे खडक उघडे पडतात. घोटाभर पाण्यात जांभळे, हिरवट प्रवाळ — सुनंदा बघत बघत लांब गेली. मी काठाशीच थांबलो.

सोबतचा गाईड म्हणाला, "भाईसाब, मॅडम को वापस बुलाओ."

मी ऐकवलं, "हम खाडीवाले हैं, हमको पानी मत सिखाओ!"

भरतीची वेळ मी तिथीवरून काढली होती, कोनच्या सवयीने. पण आमच्याकडे भरतीला खाडीतून आत पोचायला उशीर होतो. इथे समोर उघडा समुद्र, म्हणजे भरती लवकर लागणार होती... आणि हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. शेजाऱ्याच्या फोनवरून बाबा! आम्ही देवळात असू, एवढंच त्यांना ठाऊक.

"पानी फिरलंय. सुनेला बोलव. माघारी फिरली की डाव्या हाताला खोल चर हाय, तिकडून न्हाय यायचं."

पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं, आणि ती माघारी फिरून त्या डाव्या बाजूलाच वळत होती.

"सुनंदा, उजवीकडून!" मी ओरडलो.

ती कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आली. डावीकडे पाणी नदीसारखं ओढत होतं.

गाईडने मग समजावलं — खडकाच्या कडेवर लाटा फुटतात, पाणी आत ढकलतात, त्यामुळे भरतीच्या आधीच पातळी चढते. आणि साठलेलं पाणी त्या चरातून जोरात बाहेर पडतं. "आपको किसने बताया?" मी सुनंदाला घेऊन निघालो.

संध्याकाळी बाबांचा पुन्हा फोन. "सून बरी हाय ना रं?"

खाडीवाला असून पाणी चुकलो, याची लाज वाटली मला. "तिला काय झालंय? आम्ही हॉटेलातच होतो, बाबा."

बाबा म्हणाले, "माजंच डोकं फिरलं असंल."

सुनंदालाही मी बोलू दिलं नाही. त्यानंतर कुणी पाणी विचारलं की बाबा म्हणायचे, "मला आता न्हाय कळत." तीन वर्षांनी ते गेले.

न पाहिलेल्या समुद्रातला चर त्यांना कोनमध्ये बसून कसा दिसला, हे मला आजही सांगता येत नाही. पण ते बरोबर होते, एवढं तर मला सांगता येत होतं... तीन वर्षं ते रोज माझ्यासमोर जेवायला बसत होते.