पोरीची छाती वाजायची थांबली ती दुपार

या पानावरच्या लोकांच्या गोष्टी मी सुनेकडून वाचून घेते. आज मी सांगतीय अन् ती लिहितीय.

भुताखेतावर माझा इस्वास कधीच नव्हता, आजबी न्हाई. आमी लोहार. बाधा झाली म्हणून लोक आमच्याकडनं खिळे न्यायचे उंबऱ्यात ठोकायला... अन् ते गेले की आमी नवरा-बायको हसायचो. खिळा आमीच केलेला, भंगारातल्या सळईचा. त्याला कुठलं भूत भिणार? पण एका दुपारचं कोडं मला अजून सुटलं न्हाई.

पाटोद्यापासून दोन कोसावर आमचं गाव. गावात तवा नुकताच एसटीडीचा डबा आलता. पोरगं औरंगाबादला कंपनीत लागलतं, सून बाळंतपणाला माहेरी गेलती, अन् सात वर्साची नात रुपाली आमच्यापाशी. रुपालीला दमा. डाक्टरनं तोंडात मारायचा पंप दिलता. पण आमचे मालक म्हणले, "पंपाची सवय लागली की जल्माची सुटत न्हाई. उद्या पोरीचं लगीन कसं व्हायचं?" अन् पंप हत्याराच्या पेटीत टाकून दिला. मी बी गप बसले. चूक माझी बी हाय.

दसरा झालता. ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस — ज्याला त्याला कोयता पायजे. मालक घण मारायचे, मी भाता ओढायची. चामड्याचा जुना भाता, तीस वर्सं मीच ओढलेला. ओढला की सूं सूं करायचा.

त्या दिवशी सकाळपासनंच रुपालीची छाती वाजाय लागली, पिपाणीवानी. आल्याचा काढा पाजला. दुपारपर्यंत लई वाढलं. पाणी मागायचं तर एका दमात मागता येईना. "आजी... पा... णी."

गावातला बबन कोयत्यासाठी येऊन बसलता. तो म्हणला, "मामी, तुमच्याकडं आता भाते दोन झाले. एक पोरीच्या छातीत."

"हसतो कावून बे," मालक म्हणले. "दर थंडीला हाय हे तिचं. उतरतंय सांजच्यापर्यंत."

मी म्हणले, "दवाखान्यात न्यावं का?"

"टोळीचा ट्रक उद्या पहाटं. अकरा कोयते बाकी हायेत. उतरलं न्हाई तर सांजच्याला नेऊ."

अन् खरंच, थोड्या येळानं पोरीची छाती वाजायची थांबली. भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. मालक म्हणले, "बघ, उतरला का न्हाई?" मला बी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. मी भात्यावर जाऊन बसले.

ओढला — वारंच न्हाई.

परत ओढला. भाता फुगतोय, बसतोय, पण आवाज न्हाई अन् वारं बी न्हाई. निखारे काळे पडाय लागले. मालक वरडले, "झोप लागली का गं?" मी म्हणले, "तुमीच ओढून बघा." त्यांनी ओढला. बबननं ओढला. नळीत सळई घालून बघितली, मोकळी. चामडं चाचपलं, कुठं फाटलेलं न्हाई. मी नळीच्या तोंडापुढं हात धरला. काय सुदिक लागंना हाताला.

तसाच हात धरून भिंतीपाशी बसलेल्या पोरीकडं बघितलं. भाता वाजतो तो वारं जातंय म्हणून वाजतो. फुगतोय, बसतोय अन् वाजत न्हाई, म्हणजे वारंच जाईना... मंग पोरीचं?

उठून पळाले. झगा वर करून बघितला. पोट भराभरा हलतंय, बरगड्यांतली कातडी आत ओढली जातीय, व्हट निळे. नाकापुढं हात धरला. नळीपुढं धरला तसाच — लागलं न लागलं.

"उतरला न्हाई ओ," म्हणले, "पोरगी चालली."

"अन् हे कोयते?"

"कोयते थंड पडू द्या. पोरगी थंड पडली तर कुठल्या भट्टीत घालताव?"

लग्नाला पस्तीस वर्सं झालती, तसं मी कधी बोलले नव्हते त्यांना. ते पेटीकडं गेले, पंप काढून माझ्या हातात दिला. बबननं लुना काढली. "बसा मामी. माझा कोयता राहू द्या."

पोरीला मधी उभी धरली, आडवी होऊ दिली न्हाई. वाटंत पंप मारला, पण तिला वढायलाच येईना. पाटोदा येईपर्यंत मान टाकली तिनं.

डाक्टरनं इचारलं न्हाई काय, आधी नळी लावली, सुई दिली, वाफंचं मशीन तोंडाला धरलं. मी कोपऱ्यात उभी. लई येळानं पोरीच्या छातीत परत पिपाणी वाजली. मी घाबरले, "सायेब, पुन्ना सुरू झालं." तर डाक्टर पहिल्यांदा हसले. "वाजू द्या आजी. वाजतंय म्हणजे वारं जातंय. गप झाली होती तेच वाईट होतं. अजून अर्धा तास थांबला असता तर..."

सांजच्या गाडीनं मालक आले. पोरगी बसून बिस्कुट खात होती. मला बाजूला घेऊन म्हणले, "तुमी गेल्यावर मी भट्टीपुढं बसून होतो. भात्याला हात न्हाई लावला. अन् त्यानं आपसूक वारं सोडलं. राख तोंडावर उडाली माझ्या." मी येळ इचारली. पोरीला सुई दिली, जवळजवळ तीच येळ.

मंग डाक्टरकडं जाऊन म्हणले, "सायेब, दोन पंप लिहून द्या. एक घरात, एक भट्टीपाशी टांगतो." पस्तीस वर्सांत त्यांनी चूक कबूल केली ती तेवढीच, पण भर दवाखान्यात केली. नातीची खाट तवापासनं भट्टीच्या धुरापासून लांब, पार मागच्या खोलीत.

पुढं गल्लीतल्या बाया लेकराला दम लागला की माझ्याकडं यायच्या. मी एकच सांगायची — एका दमात बोलता येईना, बरगडी आत जातीय, पंपानं बी उतरंना, तर निघायचं. सांजची वाट बघायची न्हाई. अन् वाजता वाजता गप झालं तर घराला कडी लावायला सुदिक थांबायचं न्हाई. आमच्या गल्लीतलं एक बी लेकरू दम्यानं गेलं न्हाई.

भात्याचं म्हणाल तर मालकानं तो नंतर उसवून बघितला. राख अन् अंधार, दुसरं काय न्हाई. कुणी म्हणतं भात्यातला वारं घ्यायचा पडदा चिकटला असंल. असंल बी. मंग त्याच घटकेला कावून चिकटला अन् त्याच घटकेला कावून सुटला, ते मला कुणी सांगितलं न्हाई, अन् मला बी सांगता येत न्हाई.

रुपाली आता दोन लेकरांची आई हाय, पुण्याला असती. दमा हाय अजून, पंप पिशवीत असतो. फोनवर माझ्याशी भांडाय लागली तर मधी दम घ्यायला सुदिक थांबत न्हाई.